जुन्या घरातला स्मार्ट स्विच पुन्हा पुन्हा ‘ऑफलाइन’: तपासणी कुठून सुरू करायची

जुन्या घरात स्वतःच्या हाताने ऑटोमेशन बसवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. बोर्डाच्या मागे रिले मॉड्यूल (वाय-फायवरून दिवा-पंखा चालू-बंद करणारा छोटा डबा) बसवलं, ॲपला जोडलं, काही दिवस छान चाललं आणि मग नावापुढे ‘ऑफलाइन’. मेन बंद-चालू केला की परत येतं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग मॉड्यूल बदललं जातं, नवंही तसंच वागतं. मग राउटर बदलला जातो. शेवटी ‘या वस्तूच तकलादू’ असं म्हणून जुना स्विच परत लावला जातो.

असे बोर्ड मी इतके उघडलेत की आता मॉड्यूल कोणत्या कंपनीचं हे आधी विचारतच नाही. वायरिंग किती जुनं आहे आणि त्याला आजवर कोणी कोणी हात लावलाय, हे विचारतो. मॉड्यूल खरोखर खराब निघणं तसं कमीच. बहुतेक वेळा एकतर सिग्नल भिंतीत अडकलेला असतो, नाहीतर न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या वायरीचा) एखादा जॉइंट सैल असतो. ॲपमध्ये मात्र दोन्हींचा शब्द एकच दिसतो. म्हणून पुढचा क्रम या दोघांना वेगळं पाडण्यासाठी आहे. फुकट होणाऱ्या, स्क्रू ड्रायव्हर न लागणाऱ्या गोष्टी आधी, बोर्ड उघडणं सगळ्यात शेवटी. आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचे आहेत.

आधी लक्षणं लिहून काढा

कागदावरच लिहा, वेळेसकट. ‘सारखं जातं’ म्हटल्याने काहीच कळत नाही. ‘पंखा बंद केला की जातं’ म्हटलं की अर्धं काम झालं.

- मॉड्यूल घड्याळ लावल्यासारखं ठरावीक मिनिटांनी जातं आणि परत येतं.
- दिवसा ठीक, संध्याकाळी सगळे घरी आले की जातं.
- एकाच खोलीतली मॉड्यूल जातात, बाकी घर ठीक.
- पंखा, चोकवाली ट्यूब किंवा मोटर बंद करताना दुसराच एखादा दिवा आपोआप लागतो, किंवा मॉड्यूल रीस्टार्ट होतं.
- वीज जाऊन आली की काही मॉड्यूल परत येतच नाहीत, किंवा कोरी होऊन नव्याने जोडायला सांगतात.
- स्विच बंद असतानाही एलईडी मिणमिणतो किंवा दर काही सेकंदांनी चमकतो.
- मॉड्यूल बसवल्यापासून आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडायला लागला आहे.
- इस्त्री किंवा हीटर लावला की दिवे मंद होतात आणि त्याच वेळी मॉड्यूल जातं.

पहिली तीन लक्षणं सहसा नेटवर्ककडे बोट दाखवतात, नंतरची वायरिंगकडे. वीज येण्या-जाण्याचं लक्षण दोन्हीकडे असू शकतं.

एक लक्षण मुद्दाम यादीत घातलेलं नाही. बोर्ड हाताला गरम लागतो, जळका वास येतो, आतून चुरचुर ऐकू येते किंवा स्विचभोवतीचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालंय, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका. मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

१. मॉड्यूल शेवटचं कधी सुरू झालं, ते पाहा

याला काहीच खर्च नाही आणि सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते, तरी बहुतेकजण इथे पाहत नाहीत. मॉड्यूलमध्ये टॅस्मोटा हे फर्मवेअर (मॉड्यूल चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) असेल तर ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडून माहितीच्या विभागात जा. तिथे अपटाइम (मॉड्यूल किती वेळ अखंड चालू आहे), शेवटच्या रीस्टार्टचं कारण आणि सिग्नलची ताकद, हे तिन्ही मिळतं. ईएसपीहोम या दुसऱ्या फर्मवेअरमध्ये अपटाइमचा आणि वाय-फाय सिग्नलचा सेन्सर दोन-चार ओळींत घालता येतो. होम असिस्टंट (घरातली सगळी उपकरणं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यांचा आलेख आपोआप साठत राहतो.

‘ऑफलाइन’ येऊन गेल्यावर अपटाइम पाहा. तो कित्येक दिवसांचा असेल तर मॉड्यूलला वीज अखंड मिळत होती, फक्त संपर्क तुटला होता. मग बोर्डाला हात लावायचं कारण नाही, वाय-फायकडे वळा. अपटाइम काही मिनिटांचाच असेल तर मॉड्यूल रीस्टार्ट झालं होतं. रीस्टार्टचं कारण ‘पॉवर ऑन’ दिसत असेल आणि घरातली वीज तर गेली नव्हती, तर पुरवठा मध्येच कुठेतरी तुटतोय. कारण ‘वॉचडॉग’ किंवा ‘एक्सेप्शन’ असेल तर सॉफ्टवेअरच अडकलं होतं, आधी फर्मवेअर अद्ययावत करा.

ईएसपीहोमवाल्यांनी एक गोष्ट खास बघावी. मॉड्यूल बरोबर १५-१५ मिनिटांनी रीस्टार्ट होत असेल तर तो बिघाड नाही. एपीआयशी (होम असिस्टंट ज्यातून मॉड्यूलशी बोलतं त्या दुव्याशी) कोणीच जोडलेलं नसेल तर १५ मिनिटांनी स्वतःला रीस्टार्ट करायचं, ही त्याची मूळ सेटिंग आहे. वाय-फाय आणि एमक्यूटीटी या निरोप पोचवण्याच्या दुसऱ्या पद्धतीलाही तशीच मुदत असते. होम असिस्टंटशिवाय नुसतं वेब पान वापरणाऱ्यांना हे हमखास भोवतं. एपीआयचा रीबूट टाइमआउट शून्य करा किंवा एपीआयच काढून टाका. एवढ्यासाठी लोकांनी बोर्ड खोलून ठेवलेले पाहिलेत.

बंद ॲपवाली तयार मॉड्यूल हा आकडा दाखवत नाहीत. तिथे राउटरच्या यादीत ते उपकरण कधीपासून जोडलेलं आहे, ते बघा. शिवाय बोर्डाजवळ कान ठेवा. रीस्टार्ट होताना बऱ्याच मॉड्यूलचा रिले ‘टक’ करतो.

२. इंटरनेटची वायर काढून बघा

राउटर चालू ठेवून फक्त बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढा आणि घरच्याच वाय-फायवरून स्विच चालवा. चालला नाही तर तुमचं मॉड्यूल कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे, आणि ‘ऑफलाइन’चा अर्थ ‘सर्व्हर सापडत नाही’ एवढाच असू शकतो. तेव्हा घरातलं काही दुरुस्त करून उपयोग नाही.

चालला, पण होम असिस्टंटमध्ये ‘अनुपलब्ध’ दिसत असेल तर संगणकावरून त्याच्या आयपी पत्त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघा. उत्तर येत असेल तर मॉड्यूल जिवंत आहे. असं झालं की मी तीन गोष्टी बघतो. मॉड्यूल पाहुण्यांच्या नेटवर्कवर तर नाही ना. राउटरमध्ये उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी आयसोलेशनची सेटिंग चालू आहे का. आणि मॉड्यूलचा पत्ता बदललाय का. पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा, म्हणजे तिसरा प्रश्न उरत नाही. हे करताना राउटर वाटू शकतो ते पत्ते किती, तेही बघून घ्या. १०० ते १४९ एवढीच पट्टी दिलेली असेल तर ५० उपकरणांनंतर जागा संपते. प्रत्येक दिवा, प्रत्येक प्लग एक पत्ता खातो. संध्याकाळी सगळ्यांचे फोन घरी आले की रांगेत शेवटचा राहतो तो बिचारा बाल्कनीतला दिवा.

३. वाय-फाय आणि जाड भिंत

या मॉड्यूलमध्ये सर्रास असणारी ईएसपी८२६६ ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते. ५ गिगाहर्ट्झ तिला दिसतही नाही. राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली चालवत असेल आणि उपकरणांना इकडून तिकडे ढकलत असेल तर अशी मॉड्यूल गोंधळतात. २.४ ला वेगळं नाव द्या. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ ठेवली असेल तर डब्ल्यूपीए२ ची मुभा द्या. चॅनलची निवड ‘ऑटो’वर सोडू नका. १, ६ किंवा ११ यांपैकी शेजारपाजाऱ्यांची गर्दी कमी असेल ते निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ही तीनच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ८ निवडलं तर दोन्ही बाजूंचा गोंगाट ऐकावा लागतो.

सिग्नलच्या ताकदीचा आकडा उणे डेसिबलमध्ये येतो. उणे ६५ च्या आसपास असेल तर चिंता नको. उणे ७५ ला कुरकुर सुरू होते. उणे ८० च्या खाली मॉड्यूल आज जोडलेलं दिसतंय तो निव्वळ योगायोग. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते, त्यामुळे ६५ आणि ८० मधला फरक दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

जुन्या घराची खरी अडचण इथे असते. दीड-दोन फुटी दगडी किंवा विटांची भिंत, गिलाव्यामागे लोखंडी जाळी, आणि स्विचबोर्डची पेटीही पत्र्याची. मॉड्यूल त्या पेटीच्या आत, अँटेना पत्र्याकडे तोंड करून. फोनवर वाय-फायच्या सगळ्या कांड्या दिसतात म्हणून सिग्नल चांगला आहे असं समजू नका. फोन तुमच्या हातात आहे, पेटीत नाही.

यासाठी स्वस्त युक्ती आहे. ईएसपीचा एक सुटा डेव्हलपमेंट बोर्ड घ्या, त्यात सिग्नल दाखवणारं फर्मवेअर टाका आणि पॉवर बँकेवर चालवा. तो स्विचबोर्डाला बाहेरून चिकटवून धरा आणि आकडा बघा. मग तिथल्या मॉड्यूलच्या पानावरचा आकडा बघा. बाहेर उणे ६४ आणि आत उणे ८१ असं आलं तर दोष पेटीचा. बाहेरच उणे ८० असेल तर भिंतीचा किंवा अंतराचा. विजेला अजिबात हात न लावता उत्तर मिळतं. पेटीचा दोष असेल तर पत्र्याची झाकणपट्टी काढून प्लास्टिकची लावणं किंवा मॉड्यूल दिव्याजवळ हलवणं हे उपाय. भिंतीचा असेल तर त्या बाजूला वायर नेऊन वेगळा ॲक्सेस पॉइंट बसवा. दोन भिंतींपलीकडे प्लगमध्ये खोचायचा रिपीटर सहसा निराशा करतो, कारण त्यालाच मूळ सिग्नल अर्धामुर्धा मिळत असतो.

झिग्बी (वाय-फायऐवजी वापरली जाणारी दुसरी बिनतारी पद्धत) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. झिग्बीही २.४ गिगाहर्ट्झवरच, चॅनल ११ ते २६. वाय-फाय १ वर असेल तर झिग्बी २० किंवा २५ ला न्या, वाय-फाय ११ वर असेल तर १५ ला. झिग्बीचा डोंगल (यूएसबीत लावायचा रेडिओ) थेट संगणकाच्या यूएसबी ३ च्या खाचेत खोचू नका. त्या पोर्टचा आणि त्याला लावलेल्या हार्ड डिस्कचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात पडतो. मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब ठेवा. आणि झिग्बीचे दिवे पुढच्या उपकरणांचा निरोप पोचवत असतात, हे घरच्यांना माहीत नसतं. कोणी सवयीने भिंतीवरचा जुना स्विच बंद केला की त्या दिव्यामागची अख्खी साखळी जाते. अशा दिव्याचा स्विच दाबता येणार नाही अशी काहीतरी सोय करा.

४. वीज परत येते तेव्हाचा गोंधळ

वीज आली की मॉड्यूल काही सेकंदांत जागं होतं. राउटरला एक-दोन मिनिटं लागतात. या मधल्या काळात काही मॉड्यूल नेटवर्क शोधून थकतात आणि जोडणीच्या अवस्थेत जाऊन बसतात. राउटरला छोटा यूपीएस लावला की ही तक्रार बहुधा संपते. नसेल लावायचा तर फर्मवेअरमध्ये ‘नेटवर्क नाही मिळालं तर थांबून पुन्हा प्रयत्न कर’ अशी सेटिंग निवडा.

मॉड्यूल कोरं होऊन येतं, त्यामागचं कारण मजेशीर आहे. बऱ्याच स्मार्ट दिव्यांत ठरावीक वेळा भराभर बंद-चालू केलं की मूळ सेटिंग परत येते, अशी सोय असते. टॅस्मोटातही लागोपाठ ७ वेळा वीज तोडली-जोडली की तसंच होतं. वीज येताना धडपडत, चार-सहा झटके देत आली, किंवा बोर्डातला जॉइंट ठिणग्या मारत असला, की मॉड्यूलला वाटतं कोणीतरी मुद्दाम रीसेट करतंय. टॅस्मोटात सेटऑप्शन ६५ ला १ करा, ही सोय बंद होते. पण हे वीज न जाताच होत असेल तर सेटिंग बदलून गप्प बसू नका. तिथे सैल जॉइंट आहे आणि तो शोधायलाच हवा.

५. सॉकेटमधून व्होल्टेज मोजा

अजूनही बोर्ड उघडायचा नाही. प्लगमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो त्याच बोर्डावरच्या किंवा त्याच सर्किटवरच्या सॉकेटला लावा. आकडा लिहा. मग त्याच सर्किटवर इस्त्रीसारखं जड उपकरण चालू करा आणि पुन्हा बघा. ५-६ व्होल्ट उतरले तर लांब वायरिंगमध्ये ते चालतं. १५-२० व्होल्ट उतरले, किंवा आकडा स्थिर न राहता नाचत राहिला, तर वाटेत जॉइंट खराब आहे.

हिशेब करून बघा. २००० वॉटचं उपकरण साधारण ८.७ अँपिअर ओढतं. वाटेतल्या एका जॉइंटला फक्त अर्धा ओहम रोध असेल तर तिथे सुमारे ४.३५ व्होल्टच उतरतात, पण त्या टेपखाली जवळजवळ ३८ वॉटची उष्णता तयार होते. म्हणजे सोल्डरिंग आयर्न चालू करून बोर्डात ठेवल्यासारखंच. म्हणून आकडा लहान दिसला, तरी तो एकाच जॉइंटवर उतरत असेल तर धोका खरा आहे.

मॉड्यूलमधला पुरवठा सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असतो. त्यामुळे व्होल्टेज २१० झालं म्हणून मॉड्यूल बंद पडत नाही. ते बंद पडतं सैल जॉइंट क्षणभर सुटल्याने. दिवा लुकलुकतो की नाही इतका छोटा तो क्षण असतो. पंख्याला तो जाणवत नाही, मॉड्यूलला जाणवतो. कित्येक घरांत आधीपासून असलेला सैल जॉइंट पहिल्यांदा उघडकीला येतो तो असा, स्मार्ट स्विचमुळे. घरातले मात्र म्हणतात, ‘हे बसवलं आणि कटकट सुरू झाली.’

इथून पुढे बोर्ड उघडायचा आहे

वायरिंगचं काम आधी केलेलं नसेल तर इथेच थांबा. तुमच्या भागात असं काम परवानाधारकानेच करायचा नियम असेल तर तो पाळा.

जुन्या घरात एकाच बोर्डात दोन वेगळ्या सर्किटच्या वायरी असणं नेहमीचंच. म्हणून त्या खोलीचा एमसीबी पाडून भागत नाही, मेन बंद करा. पण मेन बंद करण्यापूर्वीच टेस्टर नक्की चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा. मेन बंद केल्यावर तो बोर्डातल्या प्रत्येक वायरीला लावा, आणि शेवटी पुन्हा घराबाहेरच्या एखाद्या चालू ठिकाणी. टेस्टर मध्येच मेला नव्हता, एवढं तरी कळतं. इन्व्हर्टर असेल तर त्याचाही स्विच बंद. मेन पाडल्यावर इन्व्हर्टर इमाने इतबारे बोर्डात वीज पाठवायला लागतो.

जुनी रबराची किंवा कापडाची वेष्टणं वाकवली की तुकड्या-तुकड्यांनी गळतात. वायर ओढून बाहेर काढताना वेष्टण तडकलं तर काम तिथेच थांबवा. टेप गुंडाळून पुढे जाऊ नका, कारण जे बोर्डात तडकलं ते भिंतीतही तसंच असणार.

६. न्यूट्रल आहे का, आणि तो खरा आहे का

जुन्या वायरिंगमध्ये स्विचपर्यंत बहुधा दोनच वायरी येतात, येणारा फेज आणि दिव्याकडे जाणारा. न्यूट्रल थेट दिव्याला गेलेला असतो. मॉड्यूलला स्वतः जगायला न्यूट्रल लागतो. मग कोणीतरी बोर्डातली एखादी मोकळी वायर पकडतं आणि मीटरवर ९० व्होल्ट बघून ‘इथे वीज आहे’ म्हणतं. ते बहुतेक वेळा भुताचं व्होल्टेज असतं. डिजिटल मल्टीमीटर इतका कमी प्रवाह ओढतो की शेजारच्या वायरीमुळे मोकळ्या वायरीवर चढलेला किरकोळ दाबही तो आकडा म्हणून दाखवतो. जुने वायरमन होल्डरला दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प वापरायचे, तो या बाबतीत मीटरपेक्षा खरा. त्याने लख्ख प्रकाश दिला तरच वायर कामाची. पण ही मोजणी चालू विजेवर होते. हात सरावलेला नसेल तर हे दुसऱ्याकडून करून घ्या.

रंगांवर तर मुळीच विश्वास ठेवू नका. रंगांचे नियम देशागणिक आणि काळागणिक वेगळे आहेत, आणि जुन्या घरात हाताला आली ती वायर वापरलेली असते. काही घरांत स्विच फेजवर नसून न्यूट्रलवर बसवलेला सापडतो. दिवा बंद, पण होल्डर जिवंत. तिथे एलईडी लावला की तो रात्रभर मिणमिणतो.

न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगची वायर न्यूट्रलला लावण्याचा मोह होतो. दिवा लागतो, मॉड्यूल चालतं, सगळं बरोबर वाटतं. हे कधीही, तात्पुरतंही करू नका. आरसीसीबी असेल तर तो पडायला लागेल. नसेल तर जास्त वाईट. ती अर्थिंगची वायर पुढे कुठे सुटली की तिला जोडलेल्या फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर वीज येऊन उभी राहते.

बोर्डात न्यूट्रल नसेल तर माझा पहिला सल्ला असा की मॉड्यूल बोर्डात बसवूच नका. छतातल्या दिव्याच्या पेटीत न्यूट्रल असतोच, मॉड्यूल तिथे न्या, स्विचच्या दोन वायरी कायमच्या जोडून टाका आणि भिंतीवर बॅटरीवर चालणारं वायरलेस बटण लावा. ‘न्यूट्रलशिवाय चालणारा’ दोन वायरींचा स्मार्ट स्विच हा दुसरा पर्याय. पण तो स्वतःसाठी लागणारा थोडासा प्रवाह दिव्यातूनच ओढतो, म्हणून ५-७ वॉटचा एलईडी बंद असतानाही चमकतो. त्यासाठी त्या स्विचसोबत येणारा बायपास कपॅसिटर दिव्याच्या दोन टोकांना समांतर लावायचा असतो. तो स्विचमागे लावून ‘फरक पडत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

७. जॉइंट आणि पट्ट्या

मेन बंद असताना न्यूट्रलचे सगळे जॉइंट तपासा. पिळून टेप लावलेला प्रत्येक जॉइंट संशयित. टेप काढल्यावर तांबं काळं पडलेलं, हिरवट किंवा ठिसूळ दिसलं तर तो भाग कापून नवं टोक काढा आणि योग्य क्षमतेच्या कनेक्टरमध्ये घट्ट बसवा. प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. हातात आली तर चोर सापडला.

वायर चंदेरी आणि मऊ असेल तर ती ॲल्युमिनियमची असू शकते. तांब्याच्या वायरीला ती थेट पिळू नका. गरम-थंड होताना ती सैल होत जाते आणि तिच्यावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर धरतो. दोन धातूंसाठी वेगळे कनेक्टर असतात, ते इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या.

मॉड्यूलचा फेज रेग्युलेटरच्या पुढून घेतलेला नाही ना, तेही याच वेळी बघा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लहर कापून देतो. त्यावर मॉड्यूल पंख्याच्या पाचाला चालतं आणि दोनाला मरतं.

८. पंखा बंद केला की भुताटकी

पंखा, चोक, कॉन्टॅक्टर (जड भारासाठीचा मोठा रिले) यांत गुंडाळी असते. प्रवाह तुटताना ती मोठा झटका देते, रिलेच्या पट्ट्यांवर ठिणगी पडते आणि तो गोंगाट मॉड्यूलच्या पुरवठ्यात किंवा स्विचच्या वायरीत शिरतो. उपाय म्हणजे हा झटका शोषणारा स्नबर, १०० ओहमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची जोडी, कपॅसिटर एक्स२ वर्गाचा, २७५ व्होल्ट एसीचा. तो पंख्याच्या दोन टोकांना समांतर लावा. रिलेच्या पट्ट्यांवर लावला तर रिले बंद असतानाही त्यातून ७ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहत राहतो आणि त्या रिलेवर एलईडी असेल तर तो मिणमिणतो.

भिंतीवरच्या स्विचपासून मॉड्यूलपर्यंत येणारी बारीक वायर लांब असेल आणि पंख्याच्या वायरीला चिकटून जात असेल, तर ती ॲंटेनासारखी वागते. ती आखूड करा, वेगळी न्या, फर्मवेअरमध्ये ५० मिलिसेकंदांचा डीबाउन्स (तेवढा वेळ टिकलेला इशाराच खरा मानण्याची सेटिंग) ठेवा. आणि एक कडक सूचना. बऱ्याच मॉड्यूलमध्ये एस१, एस२ लिहिलेली टोकं मेनच्या विजेपासून वेगळी केलेली नसतात. मॉड्यूल मेनला जोडलेलं असताना त्याला लॅपटॉपची प्रोग्रामिंग वायर कधीही लावू नका. लॅपटॉप तर जाईलच, तुम्हालाही झटका बसू शकतो.

रिलेवर लिहिलेले १० अँपिअर हे दिवा-हीटरसारख्या साध्या भारासाठी असतात. मोटरसाठी ते धरू नका, मध्ये कॉन्टॅक्टर घाला.

कुठे थांबायचं

आरसीसीबी पडत असेल तर तो काढून किंवा बायपास करून ‘मॉड्यूल चालतंय का’ हे बघू नका. मॉड्यूलला फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्या सर्किटचा मिळाला की जाणारा आणि येणारा प्रवाह जुळत नाही, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडायच्या आत आरसीसीबी आपलं काम करतो. जुन्या घरांत असा उसना न्यूट्रल सर्रास सापडतो. इन्व्हर्टर नंतर बसवलेल्या घरात तर जास्तच. कोणता न्यूट्रल कुठून आला हे शोधायला पॅनेल उघडावं लागतं आणि ते तुमचं काम नाही.

तीन फेज येणाऱ्या घरात काही दिवे अचानक जास्त प्रखर आणि काही मंद झाले तर मेन न्यूट्रल तुटत आलाय असं समजा. तो पूर्ण तुटला तर कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज २३० च्या बरंच वर, वाईटात वाईट ४०० च्या दिशेने चढतं. ताबडतोब मेन बंद करा, वीज पुरवणाऱ्यांना कळवा, आणि दुरुस्ती होईपर्यंत काहीही चालू करू नका.

मेनच्या बाजूला न्यूट्रललाही फ्यूज बसवलेला दिसला, अर्थिंगच नसल्याचं कळलं, वेष्टण गळणारं निघालं, ॲल्युमिनियमची वायर निघाली, किंवा सॉकेटवर व्होल्टेज उतरतंय आणि बोर्डातले सगळे जॉइंट तर घट्ट आहेत, या प्रत्येक ठिकाणी परवानाधारक इलेक्ट्रिशियन हवा. शेवटच्या बाबतीत खराब जॉइंट भिंतीत किंवा छतातल्या एखाद्या बुजवलेल्या पेटीत असतो. तो शोधायला वायरीचा रोध मोजणारा लूप टेस्टर आणि अनुभव दोन्ही लागतात.

त्याला बोलावताना ‘स्मार्ट स्विच चालत नाही’ असं सांगू नका. ‘हे माझं काम नाही’ म्हणून तो निघून जाईल. ‘या सर्किटवर भार टाकला की १८ व्होल्ट उतरतात, या सॉकेटवर मोजलंय’ असं सांगा आणि लक्षणांचा कागद हातात द्या. तो येईपर्यंत मेन बंद करून मॉड्यूल काढा आणि फेज पुन्हा जुन्या स्विचमधून दिव्याला द्या. पण जॉइंट गरम होत असेल किंवा वेष्टण गळत असेल तर तेही नको. त्या सर्किटचा एमसीबी पाडूनच ठेवा.